डोंगरात पडलेलं विमान तिथंच राहू द्यावं का?

गोदाकाठ (नांदेड): २५ जानेवारी १९४४ ला चीनमधल्या कुनमिंगहून आसामातल्या चबुआकडं निघालेलं अमेरिकेचं बी-२४ बॉम्बर अरुणाचलात दमरोहजवळ डोंगरात पडलं. आठही जण गेले. २००६ मध्ये क्लेटन कुल्स हा अमेरिकन गिर्यारोहक तिथं पोहोचला, २०१५ मध्ये अमेरिकेच्या पथकानं मृतांचे अवशेष शोधायला तिथली माती खणली. मला हे पटत नाही. ती जागा आता समाधी झाली.

आमच्या गावात मारुतीच्या पाराला टेकून वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा दगड, उभा आहे. खाली लढाई, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर पिंडीपुढं हात जोडून बसलेला तो, माथ्यावर चंद्र-सूर्य. शेंदरानं चेहरा बुजलाय, नाव कुणाला ठाऊक नाही, तरी पोळ्याला बैल त्याच्यासमोरून जातात. उचलून नेला तर नुसता दगड उरेल.

बालाघाट (बीड): दादा, वीरगळ गावानं उभा केला, कारण आपला माणूस पडला हे गावाला कळलं होतं. त्या आठांच्या घरी एवढंच कळलं, बेपत्ता. माझा चुलतभाऊ फौजेत आहे. काकू मोबाईल उशाशी घेऊन झोपतात, चार्जर लावूनच. १९६८ मध्ये आपल्या हवाई दलाचं एएन-१२ रोहतांगकडं नाहीसं झालं, १०२ जण होते. अवशेष २००३ ला सापडले, २०२४ लाही चार मृतदेह मिळाले. त्यांच्या घरच्यांना म्हणाल का, बर्फच समाधी समजा?

गोदाकाठ: नाही म्हणणार. आपल्या जवानांना घरी आणायलाच पाहिजे.

बालाघाट: मग तिकडची आई काय वेगळी वाट बघायली होती? त्या आठांतल्या एका लेफ्टनंटची ओळख २०१७ मध्ये पटली. ७३ वर्षांनी तो जॉर्जियातल्या आपल्या मातीत गेला.

मांजराकाठ (लातूर): तुम्ही दोघं माणसांची हाडं आणि विमानाचा पत्रा एकत्र करायलात. १९४२ ला जपान्यांनी ब्रह्मदेशाचा रस्ता तोडला, तेव्हापासून चीनची रसद हिमालयावरून जायची. त्या वाटेवर सहाशेच्या आसपास विमानं पडली. अरुणाचलातच पासीघाटला २०२३ मध्ये त्यांचं संग्रहालय झालं. धाराशिवजवळच्या तेरला सापडलेल्या जुन्या वस्तू तेरच्याच संग्रहालयात बघायला मिळतात ना, तसंच हे. पत्रा तिथंच, पण पावसात सडत नको.

गोदाकाठ: ताई, हाडांपुरतं मी माघार घेतो. पत्र्याचं मात्र दमरोहच्या लोकांना विचारूनच ठरवावं. कुल्सला वर घेऊन जाणारे तेच होते.