हतनूरचे ४१ दरवाजे अन् बिनतारखेची बातमी: चुकतं कोण, जुने की नवे?

तापीकाठ: पावसाळा लागला की तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ ग्रुपांवर फिरू लागतो, अन् बऱ्याचदा तो जुना असतो. माझं मत स्पष्ट आहे. साठीपुढची मंडळी मजकूर शेवटपर्यंत वाचतात, पण तारीख बघत नाहीत. खऱ्या सूचनेत किती दरवाजे, किती मीटरने, किती क्युसेक अन् किती वाजता हे लिहिलेलं असतं. ते नसेल तर पुढे ढकलूच नका. तरुण निदान स्क्रीनशॉट गूगल लेन्सला (चित्रावरून शोध घेणाऱ्या सोयीला) टाकून बघतात.

केळीबाग_रावेर: उलटं आहे भाऊ. म्हातारी माणसं ई-पेपरचं पान उघडतात, त्यावर तारीख छापलेली असते. पोरं रील बघतात. तिथे तारीख समोर दिसत नाही, खालचा मजकूर उघडावा लागतो. शिवाय रील तारखेच्या क्रमाने येतच नाही. तुम्ही कशावर थांबता, त्यावरून येते. म्हणून तीन आठवड्यांपूर्वीचा केळीभाव आजचा वाटतो. भाव रावेरचा की बऱ्हाणपूरचा, नवती (नव्या लागवडीची) की पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांची), काही नाही, नुसता आकडा! तो धरून माल कापायला दिला की नुकसान शेतकऱ्याचं.

तापीकाठ: भावाचं मान्य. पण अफवा पसरते ती व्हॉट्सअपवर, अन् तिथे दोन बाणांचा मेसेज डोळे मिटून पुढे पाठवणारे कोण, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पांझरा_धुळे: इथे वयाचा हिशोब पुरत नाही. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने ५ निरपराध माणसं मारली. त्याच महिन्यात व्हॉट्सअपने भारतात एका वेळी ५ चॅटनाच फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा आणली.

दोन बाण म्हणजे मेसेज निदान पाच हातांतून पुढे आलेला. पण व्हिडिओ गॅलरीत उतरवून नव्याने टाकला, किंवा मजकूर कॉपी करून चिकटवला, की बाण गेले. वर पेजचा लोगो चढवला की तीच जुनी क्लिप ‘ब्रेकिंग’ होते. हे म्हातारे करत नाहीत, तापीकाठ. मोबाइल सराईत चालवता येणं वेगळं अन् बातमी तपासणं वेगळं.

तापीकाठ: लोगोवाल्यांची बाजू मी घेत नाही. तरी लेन्स येणं न येण्यापेक्षा बरंच की.

केळीबाग_रावेर: लेन्सही अर्धवट वापरतात. नुसत्या फेसाळ पाण्याची फ्रेम टाकली तर कुठलंही धरण निघतं. भिंत, दरवाज्यांची रांग, पूल दिसेल अशा दोन-तीन फ्रेम टाका. जुनी तारीख सापडली तर क्लिप जुनी, हे पक्कं. काहीच सापडलं नाही म्हणून ती आजची ठरत नाही. पोरं नेमकी इथे घसरतात.

पांझरा_धुळे: अन् नदीकाठच्या गावाने लेन्समध्ये वेळ घालवूच नये. तलाठ्याला नाहीतर पोलीस पाटलाला आधी फोन लावावा, गुरं सोडायला वेळ मिळतो.