एमपीडीएवाला सुटला म्हणून याचिका संपली? मला नाही पटत

धनकवडीकर: काल इथे एकाने लिहिलं, 'माणूस सुटला ना, मग हायकोर्टाने याचिका निकाली काढली तर बिघडलं काय, वेळच वाचला.' वाचल्यापासून डोकं फिरलंय. माझ्या मावसभावाला एमपीडीए (खटल्याशिवाय स्थानबद्ध करायचा महाराष्ट्राचा कायदा) लावली, येरवड्याच्या जेलात ठेवला, आम्ही हायकोर्टात हेबियस कॉर्पसची याचिका केली, तारखा पडत गेल्या आणि मॅटर बोर्डावर येईपर्यंत वर्ष भरून तो घरी आला. सरकारी वकील म्हणाले याचिका इन्फ्रक्चुअस झाली, म्हणजे आता निरर्थक, दोन मिनिटांत विषय संपला. ऑर्डर बरोबर होती की चूक, कुणी बघितलंच नाही. आता दर गणपतीला चौकीतून बोलावणं येतं आणि कागदावर पहिली ओळ तीच, 'यापूर्वी स्थानबद्ध'. ऑर्डरच जास्तीत जास्त १२ महिन्यांची, मग तपासणार कधी?

काळाकोट: हेबियस कॉर्पस म्हणजे माणूस हजर करा, बेकायदा असेल तर सोडा. सुटल्यावर सोडायचं कुणाला? जे अजून आत आहेत त्यांचे मॅटर आधी लागू देत. भरपाई हवी तर दिवाणी दावा लावा.

येरवडेकर: दिवाणी दावा? आमचा जागेचा दावा मी कॉलेजात असताना लागला, आज माझा मुलगा कॉलेजात आहे! आणि वकीलसाहेब, रुदल शाह विसरलात? १९६८ ला निर्दोष सुटलेला माणूस १९८२ पर्यंत बिहारच्या जेलात. सुनावणीआधी सरकारने सोडून दिला, तरी सुप्रीम कोर्टाने याचिका गुंडाळली नाही, १९८३ ला एकूण ३५,००० रुपये द्यायला लावले. निकाल तेव्हाचे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचा, आपल्या पुण्याच्या नूमवि शाळेचे आणि आयएलएस लॉ कॉलेजचे.

सदाशिवपेठी: त्याच चंद्रचूडांनी १९७६ ला एडीएम जबलपूर खटल्यात आणीबाणीत हेबियस मागताच येत नाही म्हटलं होतं, तेही लिहा की. आमचे आजोबा तेव्हा मिसाखाली (तोही खटल्याशिवाय आत टाकायचा कायदा) आत होते. का ठेवलं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

येरवडेकर: मग आजोबा माझ्याच बाजूचे झाले!

कोथरूड_७२: मुळात मुंबईला हेलपाटे कशाला? कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू, सहा जिल्हे, आणि पुणे बाहेर. १९७८ च्या विधानसभेच्या ठरावात औरंगाबादबरोबर पुण्याचं नाव होतं, औरंगाबादला १९८१ ला मिळालं, आम्ही अजून बसलोय.

रंकाळा: आम्ही चाळीस वर्षं रस्त्यावर उतरलो, फुकट नाही मिळालं. तुम्ही दरवेळी मध्ये नाव घुसडायचात म्हणून आमचं लांबलं.

कोथरूड_७२: घुसडायचात?? इथल्या वकिलांनी कामबंद केलं नाही का? तोंड सांभाळून बोला.

रंकाळा: तुम्हाला तीन तासांत मुंबई. सिंधुदुर्गातल्या माणसाला विचारा एका तारखेचे किती दिवस जातात.

काळाकोट: पुण्याला बेंच पाहिजेच, त्यावर मी कोथरूडकरांबरोबर आहे.

धनकवडीकर: बेंचचा वेगळा धागा काढा हो, हात जोडतो. बेंच कुठेही असू दे, वर्षाच्या आत ऐकलं नाही तर माझ्या भावाचं काय?

काळाकोट: बरं, एवढं मान्य करतो. जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंग, पोलिसांनी बेकायदा डांबलेले, त्यांनाही सुटल्यानंतर १९८५ ला सुप्रीम कोर्टाने ५०,००० रुपये भरपाई दिली होती. याचिकेत भरपाई मागितली असेल, किंवा त्या ऑर्डरचा पुढे त्रास होतोय हे दाखवता येत असेल, तर सुटकेनंतरही कोर्टाने ऐकायला हवं. नुसती सुटका मागितली असेल तर अवघड. प्रेअर, म्हणजे याचिकेतली मागणी, काय होती?

धनकवडीकर: सुटकाच. भाऊ आत होता, मावशी जेवत नव्हती, तेव्हा दुसरं काय मागणार होतो?