कॅलिफोर्निया, 1880: पाच मते हॅन्कॉक यांना, एक गारफिल्ड यांना, असे का झाले?

प्रश्न (शिक्षक, दारव्हा तालुका)
ग्रामपंचायतीच्या निकालावर वर्गात बोलणे चालले असताना एका विद्यार्थिनीने विचारले की, अमेरिकेत बहुतेक राज्यांत राज्य जिंकणाऱ्याला त्या राज्याची सगळी निर्वाचक मते (राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींची मते) मिळतात, तर 1880 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत कॅलिफोर्नियाची सहा मते पाच आणि एक अशी कशी विभागली गेली? सुमारे 1,64,000 मतदान झाले आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे विन्फिल्ड हॅन्कॉक रिपब्लिकन पक्षाचे जेम्स गारफिल्ड यांच्या दीडशेच्याही आतल्या फरकाने पुढे राहिले, एवढेच मी सांगू शकलो. कृपया कोणी नीट उलगडून सांगावे.

उत्तर (माजी ग्रामपंचायत सदस्य, आर्णी)
गुरुजी, हे आपल्या वॉर्डातल्या पॅनेलसारखेच आहे. त्या काळी मतदार थेट हॅन्कॉक किंवा गारफिल्ड यांना नव्हे, तर त्यांच्या सहा-सहा निर्वाचकांना मत देत, आणि प्रत्येक निर्वाचकाची मते वेगळी मोजली जात. नावांची छापील चिठ्ठी पक्षच वाटत असे. न आवडणारे नाव पेन्सिलीने खोडून तीच चिठ्ठी पेटीत टाकता येत असे. हॅन्कॉक यांच्या यादीत डेव्हिड टेरी हे राज्याचे माजी सरन्यायाधीश होते. त्यांनी 1859 साली सॅन फ्रान्सिस्कोजवळ सिनेटर डेव्हिड ब्रॉडरिक यांना द्वंद्वयुद्धात गोळी घातली होती आणि त्यात ब्रॉडरिक यांचा जीव गेला. एकवीस वर्षे उलटली तरी ब्रॉडरिक यांची माणसे ते विसरली नव्हती. टेरींचे नाव खोडले गेले, पॅनेलमधले पाच निवडून आले, एकटे टेरी हरले आणि सहावी जागा गारफिल्ड यांच्या एका निर्वाचकाला मिळाली. आमच्या गावात अख्खे पॅनेल निवडून येऊन एकच माणूस जुन्या वैरापायी पडलेला मी स्वतः पाहिला आहे, त्यामुळे मला यात नवल वाटत नाही.

उत्तर (वाचक, मोर्शी)
दादांचे म्हणणे बरोबर आहे, पण गारफिल्ड तिथे मागे का पडले, हेही मुलांना सांगावे. 20 ऑक्टोबरला, म्हणजे मतदानाच्या तेरा दिवस आधी, न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने गारफिल्ड यांच्या सहीचे म्हणून एक पत्र छापले. त्यात चिनी मजुरांच्या येण्याला पाठिंबा होता. चिनी मजुरांमुळे आपली मजुरी पडते, असा राग कॅलिफोर्नियात आधीच धुमसत होता. पत्र बनावट होते आणि गारफिल्ड यांनी ते साफ नाकारले, परंतु इतक्या चुरशीच्या राज्यात तेवढ्याने झालेले नुकसान भरून निघाले नाही. मतदानाच्या आदल्या रात्री मोबाईलवर फिरणारे खोटे पत्र आपल्याही गावांनी पाहिले आहे. खुलासा सकाळी येतो, तोवर लोक रांगेत उभे असतात.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. त्या एका मताने देशाचा निकाल फिरला का?

उत्तर (माजी ग्रामपंचायत सदस्य, आर्णी)
नाही, गुरुजी. देशभरात गारफिल्ड 214 विरुद्ध 155 निर्वाचक मतांनी निवडून आले. कॅलिफोर्नियाची सहाही मते हॅन्कॉक यांना मिळाली असती, तरी निकाल तोच राहिला असता. वर्गात सहा नावांच्या चिठ्ठ्या करून मुलांच्या हाती पेन्सिल द्या आणि प्रत्येक नावाची मते फळ्यावर वेगळी मांडा; त्या मुलीला आपोआप कळेल.