मदत हवी आहे: 'मी काय शिकलो' हे लिहायचं कसं?

नमस्कार मंडळी. मी मुंबईत बीएएमएमसीच्या (मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशनमधली बीए) दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभरातल्या स्वतःच्या प्रगतीवर हजार शब्द लिहून द्यायचेत, सोमवारपर्यंत. तीन दिवस कोऱ्या पानाकडे बघतोय.

सांगण्यासारखं नाही असं नाही. पहिल्या बातमीत पाणीकपात कधीपासून हे मी चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं, वर पावसाळ्याचं वर्णन! मॅडमनी लाल पेनाने बाण काढून तो परिच्छेद थेट डोक्यावर नेला. आता आधी कोण, काय, कुठे, कधी. मासळीवाल्या मावशींची मुलाखत घेतली तेव्हा माईक पंख्याखाली धरला. अर्धा तास नुसती घरघर. हेडफोन लावून आवाज तपासायचा, हे तेव्हा कळलं.

'दर्पण' या पहिल्या मराठी वृत्तपत्रावरचं प्रेझेंटेशन मात्र जमलं. ६ जानेवारी १८३२ ला निघालेल्या त्या अंकात मराठी-इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी होता, त्यावरच मी बोललो.

अडतंय इथे: फजिती किती लिहावी? मार्क जातील का? मार्कांचं सोडा, सगळं रडगाणं वाटायला नको. आणि सुरुवात पंख्यापासून केली तर चालेल का? ज्यांनी असं काही लिहिलंय त्या दादा-तायांनी प्लीज सांगा.