चार जणांचा पास्ता पाऊण तासात: गोळा होतो, दूध फाटतं, सॉस वेगळा राहतो

सांजवेळ, मडगाव

आठवड्यातून दोन-तीन रात्री पास्ता करायचा आहे. साडेसातला स्वयंपाकाला लागायचं, सव्वाआठला पानं मांडायची, जेवणारे चौघे. दोन बर्नरची शेगडी, एक मोठा टोप, एक पसरट कढई. खास काही आणायला बाजारात जायचं नाही, घरात असतं त्यातच भागवायचं: पेन्नेचं ५०० ग्रॅमचं पाकीट, लसूण, कांदे, टोमॅटो, दूध, बटर, चीजचे क्यूब, चोरीसची (गोव्याच्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजची) अर्धी माळ, सुकी सुंगटं (कोळंबी), कालचे उंडे (गोल पाव). सोमवारी आणि गुरुवारी शाकाहारी.

अडचणी तीन. चाळणीत ओतल्यावर पाच मिनिटांत पास्त्याचा गोळा होतो. टोमॅटोच्या सॉसमध्ये दूध घातलं की कण कण दिसतात. आणि ताटात वाढल्यावर पास्ता एकीकडे, लाल पाणी दुसरीकडे. प्रमाणं ग्रॅममध्ये किंवा चमच्यात सांगा, ‘अंदाजाने’ नको.

तिरफळ, पणजी

तुमची पहिली आणि तिसरी अडचण एकाच ठिकाणी सुटते. पास्ता चाळणीत थांबताच कामा नये. टोपातून निघाला की थेट कढईतल्या सॉसमध्ये, आणि शेवटची दोन मिनिटं तिथेच शिजायला हवा. चाळणीत थांबला की वरचं पाणी वाफ होऊन जातं, बाहेरचं स्टार्च चिकट होतं आणि पेन्ने एकमेकांना धरून बसतात. गार पाण्याने धुतलात तर गोळा होत नाही हे खरं, पण सॉसला धरून ठेवणारं स्टार्चही धुऊन जातं. मग लाल पाणी वेगळं दिसणारच.

चौघांना सॉससकट ३२० ग्रॅम कोरडा पास्ता पुरतो, माणशी ८०. पाकीट ५०० चं म्हणून सगळं ओतू नका. ३ लिटर पाणी झाकण ठेवून मोठ्या आचेवर ठेवा, हे घरात शिरल्यावरचं पहिलं काम. कांदा चिरणं वगैरे नंतर. पाण्याला खळखळून उकळी आली की मीठ, चार सपाट चहाचे चमचे, म्हणजे २४ ग्रॅमच्या आसपास. समुद्राइतकं खारट पाणी हवं असं पुष्कळजण सांगतात. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ असतं, तेवढं घातलंत तर जेवण टाकून द्यावं लागेल. नीट मीठ पडलेल्या साराइतकं लागलं की पुरे.

पाण्यात तेल घालू नका. ते वर तरंगतं आणि चिकटणं थांबवत नाही. पहिली दोन मिनिटं मात्र टोपाजवळून हलू नका, तळापर्यंत डाव फिरवत राहा. पेन्ने चिकटतात ते याच वेळात, वरचं स्टार्च ओलं होऊन फुगतं तेव्हा. त्यानंतर अधूनमधून ढवळलं तरी चालतं.

पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर ९ व्या मिनिटाला एक पेन्ने काढून मधोमध तोडून बघा. तोंडात घालण्याआधी नुसतं बघा. कापलेल्या कडेच्या मध्यावर पांढरी रेघ दिसेल. ती जाड, पिठूळ असेल तर अजून एक मिनिट. तुटक, मोहरीएवढे ठिपके उरले असतील तर हीच वेळ. आता दोन वाट्या पाणी बाजूला काढा. हे आधी, पास्ता गाळायच्या आधी. हेच पाणी सगळ्यात जास्त विसरलं जातं, आणि सॉस जमतो तो त्याच्यामुळेच: त्यातलं स्टार्च तेल आणि पाणी एकत्र बांधून ठेवतं.

मग झाऱ्याने पास्ता कढईत, अर्धी वाटी हे पाणी, आच मोठी, आणि दीड-दोन मिनिटं उलथत राहा. कढईच्या तळावरून डाव ओढल्यावर वाट दिसते आणि सावकाश मिटते, इतपत दाट झालं की गॅस बंद. हवा त्यापेक्षा किंचित पातळच ठेवा, कारण ताटात जाईपर्यंत पास्ता आणखी पाणी पितो.

पाकिटाच्या मागची बाजूही वाचा. ‘ड्युरम गव्हाचा रवा’, म्हणजे कडक दाण्याच्या गव्हाचा, असं लिहिलं असेल तर वरचं सगळं लागू. इटलीत तयार होणारा सुका पास्ता ड्युरम रव्याचाच असला पाहिजे असा नियम १९६७ पासून आहे, कारण त्या गव्हातलं प्रथिन शिजताना आकार धरून ठेवतं. मैद्याचा पास्ता बाहेरून गळतो आणि आतून कच्चट राहतो. तो घरात असेल तर सॉसमध्ये जास्त वेळ ठेवू नका, अर्धा मिनिट बास.

कोकमसोल, फोंडा

दूध फाटण्याचं मी सांगते, म्हणजे तुमचे सोमवार-गुरुवारही सुटतील.

टोमॅटो आंबट, आणि आंबटपणा एका मर्यादेपलीकडे गेला की दुधातलं केसीन हे प्रथिन गोठतं. घरी पनीर करतो तेच इथे नको असताना होतं. नुसतं दूध टोमॅटोत ओतलं तर कितीही ढवळा, कण होणारच. दुधात आधी मैदा शिजवला की त्याचं स्टार्च केसीनला वेढून बसतं आणि गोठू देत नाही. म्हणून पांढरा सॉस वेगळा करायचा आणि टोमॅटोत शेवटी मिसळायचा.

प्रमाण: बटर २० ग्रॅम, मैदा २० ग्रॅम, म्हणजे अडीच सपाट चमचे पोह्यांचे, दूध ४०० मिली. बटर मंद आचेवर वितळवून मैदा दोन मिनिटं परता. रंग बदलायला नको, फक्त कच्च्या पिठाचा वास जायला हवा. दूध फ्रिजमधलं गारच घ्या आणि तीन वेळा करून घाला. पहिल्या वेळी पाव वाटीच, आणि पिठाचा गोळा गुळगुळीत लगदा होईपर्यंत घोटा. गुठळ्या होतात त्या याच पायरीवर घाई केल्यामुळे. बाकीचं दूध मग बिनधास्त ओता. पाच-सहा मिनिटांत चमच्याच्या पाठीला लेप बसतो, बोट फिरवलं तर रेघ तशीच राहते. मिरपूड, चिमूटभर जायफळ. मीठ इतक्यात नको.

दुसऱ्या बर्नरवर टोमॅटो. चार मध्यम, साधारण ४०० ग्रॅम. चिरू नका, आडवे अर्धे कापून किसणीवर किसा, साल आपोआप हातात राहते. दोन चमचे तेलात सहा पाकळ्या लसूण, त्यावर हा कीस, आच मोठी, झाकण न ठेवता दहा-बारा मिनिटं. कडेने तेल सुटलं की झाला. फार आंबट असेल तर पाव चमचा साखर. पास्ता यात घालून परता, गॅस बंद करा आणि मग पांढरा सॉस मिसळा. उकळी आणू नका.

चीज घालायचं असेल तर तेही गॅस बंद केल्यावर. तुमच्याकडचे क्यूब प्रोसेस्ड चीजचे आहेत, त्यात चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे इमल्सिफायर क्षार असतात, म्हणून ते फुटत नाही, सरळ विरघळतं. अमूलचा क्यूब २५ ग्रॅमचा असतो, चौघांना दोन पुरेत. त्यात मीठ भरपूर असतं, म्हणून सॉसचं मीठ सगळ्यात शेवटी चाखूनच.

तांबडी भाजी (लाल माठ) घरात असेल तर टोमॅटो आणि दूध दोन्ही विसरा. एक जुडी निवडून तीन पाण्यांतून काढा, माती देठाच्या बेचक्यात बसते. बारीक चिरून, लसूण आणि दोन सुक्या मिरच्यांच्या फोडणीवर तीन मिनिटं परतायची, वर पास्ता आणि त्याचं पाणी. पास्ता गुलाबी होतो. शेवटी ओलं खोबरं दोन चमचे, चीज नको.

उंडो-पाव, म्हापसा

चोरीस असताना बाकीचं कशाला! मीठ, तिखट, आंबट, लसूण, चरबी सगळं त्याच्यात आधीच आहे. चूक होते ती सवयीने तेल आणि गरम मसाला घालून.

मणी लहानमोठे असतात, म्हणून वजनावर जा: चौघांना १५० ग्रॅम. दोरा कापा, सालीला सुरीच्या टोकाने उभी चीर द्या आणि आतलं मांस दाबून बाहेर काढा. साल शिजून रबरासारखी लागते, ती टाका. मांस गार कढईत, पाव वाटी पाणी, मंद आच, झाकण. दहा मिनिटं. गरम कढईत सरळ टाकलंत तर मिरची करपते आणि चरबी आत अडकून राहते. पाण्यामुळे चरबी आधी वितळते, मग पाणी आटतं, आणि कडेने लाल तेल दिसायला लागतं. आवाजही बदलतो, रटरट थांबून चुरचुर सुरू होते. हे डुकराचं मांस नुसतं मुरवलेलं असतं, शिजवलेलं नसतं, म्हणून इथे वेळ वाचवू नका.

आता दोन मोठे कांदे उभे चिरून त्याच तेलात, सहा-सात मिनिटं, कडा तपकिरी होईपर्यंत. व्हिनेगरचा आंबटपणा कांद्याच्या गोडीनेच बसतो. टोमॅटो घातलात तर आंबटात आंबट होईल. पास्त्याच्या पाण्यात मात्र लिटरला ५ ग्रॅमच मीठ, तिरफळ यांनी सांगितलंय त्यापेक्षा कमी, नाहीतर शेवटी खारट होतंच. तेल चार चमच्यांपेक्षा जास्त सुटलं तर वरचं काढून वाटीत ठेवा, दुसऱ्या दिवशी पुलावाला कामी येतं.

वर चीज नको. कोथिंबीर हवी असेल तर घाला.

माडाची सावली, काणकोण

तिरफळ, तीन लिटर पाणी उकळायलाच घरच्या शेगडीवर दहा-बारा मिनिटं जातात. सांजवेळ यांच्याकडे पसरट कढई आहे, मग एकाच भांड्यात का नाही? ३२० ग्रॅम पेन्नेला ९५० मिली पाणी आणि एक सपाट चहाचा चमचा मीठ, सगळं एकदम. हे पाणी गाळायचं नसतं, सगळं मीठ ताटात येतं, म्हणून एकच चमचा. दर मिनिटाला ढवळत बारा-तेरा मिनिटं. पाणी आटेपर्यंत पास्ता शिजतो आणि उरलेलं दोन-चार चमचे पाणी इतकं दाट असतं की सॉस लगेच धरतो. सॉस दुसऱ्या बर्नरवर.

तिरफळ, पणजी

चालतं, पण ड्युरमचाच पास्ता हवा आणि आकार आखूड हवा. मैद्याचा असेल तर लापशी होते. स्पगेटीही नको, ती वाकायच्या आत तळाला चिकटते. शिवाय कढई जितकी रुंद तितकं पाणी लवकर उडतं, म्हणून एक वाटी उकळतं पाणी हाताशी ठेवा. पहिल्या वेळी मोठ्या टोपातच करा, पास्ता कुठे ‘झाला’ हे एकदा डोळ्यांनी कळलं की मग ही पद्धत.

माडाची सावली, काणकोण

मान्य. सुक्या सुंगटांचं कुणी सांगितलं नाही, ते लिहितो. मोठी असतील तर डोकं-शेपटी काढा. गालमो, म्हणजे बारीक जवळा असेल तर नुसता निवडून घ्या. ४० ग्रॅम पुरे. दोन पाण्यांतून पटकन काढायचं, भिजत ठेवायचं नाही. वाळू जाते, चव राहते. फडक्यावर टिपून तव्यावर मंद आचेवर चार-पाच मिनिटं, बोटांनी चुरडली की कट्कन तुटली पाहिजेत. मग भरड चुरा.

लसणाच्या आठ पाकळ्या पातळ कापून, ठेचून नव्हे, चार मोठे चमचे गार तेलात घाला आणि मग आच लावा. कडा पिवळसर झाल्या की दोन सुक्या मिरच्या आणि सुंगटांचा चुरा, अर्धा मिनिट, आणि लगेच पास्त्याच्या पाण्याचा एक डाव. त्या पाण्याने लसूण तिथेच थांबतो. तपकिरी झालेला लसूण कडू लागतो आणि तो कडूपणा कशाने झाकत नाही.

कालचे उंडे इथे वापरा. इटलीच्या दक्षिणेत, सिसिलीत वगैरे, चीजऐवजी भाजलेला पावाचा चुरा घालतात, आणि सुक्या मासळीवर तो चीजपेक्षा चांगला लागतो. दोन उंडे कुस्करून मिक्सरला दोनदा फिरवा, चमचाभर तेलावर मंद आचेवर पाच मिनिटं, खमंग होईपर्यंत. पोई (कोंड्याचा पाव) असेल तर आधी तव्यावर कोरडी करा, तिच्यात ओल जास्त असते. चुरा पानात वाढल्यावरच वरून टाका, आधी मिसळलात तर मऊ पडतो.

सांजवेळ, मडगाव

सगळ्यांचे आभार. आज चोरीस, गुरुवारी कोकमसोल यांचा टोमॅटोचा. दोन गोष्टी राहिल्या. सकाळच्या डब्यासाठी उरवायचा असेल तर? आणि चोरीस-कांदा आधी करून ठेवता येतो का?

उंडो-पाव, म्हापसा

येतो. गार करून स्टीलच्या डब्यात, फ्रिजमध्ये तीन दिवस. वर चरबी गोठून लाल थर बसतो, तो काढू नका. पाणी उकळत ठेवलं की डबा बाहेर काढा, आणि पास्ता शिजेपर्यंत कढईत मंद आचेवर गरम होऊ द्या.

कोकमसोल, फोंडा

डब्यासाठीचा पास्ता सॉस घालायच्या आधीच वेगळा काढा, चमचाभर तेल चोळून पसरट ताटात गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. सॉसही वेगळा. सकाळी कढईत आधी सॉस आणि तीन चमचे पाणी, उकळलं की पास्ता, झाकण, दोन मिनिटं. पांढरा सॉस रात्रीत दह्यासारखा घट्ट होतो, त्याला पाण्याऐवजी दूध घाला. आणि पावसाळ्यात उघडं पाकीट क्लिप लावून ठेवू नका, टोके होतात. आणल्याबरोबर चार दिवस फ्रीझरमध्ये, मग घट्ट झाकणाच्या बरणीत.