माजावरचं सांबर कुठल्या वेळेला दिसतं? तुमचे अनुभव लिहा

थंडी पडायला लागली की आमच्या रानवेड्या मंडळींत दरवर्षी हाच वाद रंगतो. एक म्हणतो पहाटेला तोड नाही, दुसरा म्हणतो संध्याकाळच खरी, आणि तिसरा शहाणा दुपारी अकराला काढलेला फोटो दाखवून दोघांची तोंडं बंद करतो. म्हणून हा धागा. माजावर आलेला नर तुम्ही कधी पाहिलात, कुठल्या वेळेला, वारा कसा होता, तो काय करत होता, ते लिहा. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे, त्यामुळे इथे ‘टिपलं’ म्हणजे डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्याने. घरातल्या जुन्या माणसांच्या आठवणी चालतील. परदेशात परवाना काढून शिकार करणाऱ्यांनीही मोकळेपणाने लिहा, त्यांचा अभ्यास आपल्यापेक्षा बारीक असतो. फक्त गोव्यातलं पाणवठ्याचं नेमकं ठिकाण कुणी सांगू नये.

सत्तरी तालुका, निवृत्त शिक्षक

आमच्या आजोबांकडे पोर्तुगीज अमदानीतली केपाची बंदूक होती. मी पाहिली ती माळ्यावर गंजलेली, पण गोष्टी भरपूर ऐकल्या. मेरवाची (सांबराला आम्ही मेरू म्हणतो) शिंगं उन्हाळ्यात गळतात, पावसाळ्यात नवी फुटतात तेव्हा त्यांवर मखमल असते, आणि दिवाळीच्या सुमारास नर ती झाडाला घासून साफ करतो. कोवळ्या किंदळीच्या खोडाची साल कमरेएवढ्या उंचीवर सोललेली दिसली की आजोबा म्हणायचे, ‘आता बसायला हरकत नाही.’

वेळ मात्र ते घड्याळावर ठरवत नसत, वाऱ्यावर ठरवत. थंडीत आपल्याकडे रात्रभर आणि सकाळी मतलई वारा असतो, घाटाकडून समुद्राकडे. दुपारी तो फिरतो आणि खारा वारा घाटाकडे चढू लागतो. म्हणून सकाळी पाण्याच्या पश्चिमेला बसायचं आणि दुपारनंतर पूर्वेला. मधल्या तासा-दीड तासात, वारा इकडेतिकडे होत असताना, बसण्यात अर्थ नाही. त्या वेळी आजोबा विडी ओढून घेत. धूर कुठे जातो तेही कळायचं.

मडगाव, छायाचित्रकार

दुपारी अकराचा फोटोवाला तो मीच. मोले अभयारण्याच्या बाजूला, वनखात्याची परवानगी घेऊन, सोबत वाटाड्या होता. सकाळ कोरडी गेली, आम्ही परतत होतो आणि आधी वास आला. गोठ्यातल्या मुताच्या वासाला कुजक्या पानांची जोड द्या, तसा. मग वळणावर नर दिसला, पोटापर्यंत ओल्या चिखलाने माखलेला, मानेचे केस पिंजारलेले. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्याजवळची ग्रंथी अशी उघडी होती की एखादी जखम वाटावी. आमच्याकडे पाहिलंही नाही त्याने. मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि डोक्यावरच्या फांदीला तोंड, कपाळ घासू लागला. दोन-अडीचशे किलोचं जनावर दोन पायांवर! ते सगळं वास ठेवण्यासाठी. मग खाली उतरून खुराने जमीन तुडवली आणि सावकाश व्हाळाकडे (ओढ्याकडे) गेला.

वाटाड्या म्हणाला तेच मला पटतं. एरवी सांबर दिवसा झाडीत बसून राहतं, पण मादीचा वास नाकात शिरला की नराला भूकही सुचत नाही आणि वेळही.

मूळचा डिचोलीचा, आता विस्कॉन्सिन (अमेरिका)

मला इथे येऊन बरीच वर्षं झाली, शिकार सासरेबुवांनी शिकवली. इथलं हरीण व्हाइट-टेल. एरवी त्याचा नियम सरळ आहे: उजाडताना आणि मावळताना हालचाल, दिवसा आराम. माजात तो नियम ढिला पडतो, पण एकदम नाही, टप्प्याटप्प्याने, आणि तुम्ही कुठल्या टप्प्यात आहात त्यावर बसायची वेळ ठरते.

ऑक्टोबरच्या अखेरीस नर फांदीखालची जमीन उकरून तिथे मुततो, जागोजाग वासाच्या खुणा करत फिरतो. हे बहुतेक रात्री चालतं, त्यामुळे तेव्हा संध्याकाळचा शेवटचा तासच बरा. नोव्हेंबर लागला की तो माद्या शोधत भटकू लागतो, आणि मग सकाळी दहा ते दुपारी दोन हा वेळ सोन्याचा. कारण असं की माद्या पहाटे चरून झाडीत बसायला जातात, आणि नर त्या झाडीवरून वारा जिकडे वाहतो त्या कडेने फिरत वास घेत राहतो. एका फेरीत सगळ्यांची हजेरी! नवे शिकारी नेमके तेव्हाच जेवायला गावात जातात. त्यांच्या येण्याजाण्याने हरणं उठतात ती वेगळीच. सासरेबुवा सँडविच खिशात घालून अंधारात झाडावरच्या बैठकीवर चढत ते अंधार पडल्यावरच उतरत.

मग महिन्याच्या मध्यावर अचानक रान ओस पडतं. हरणं गेली म्हणून लोक वैतागतात. गेलेली नसतात, प्रत्येक मोठा नर एका मादीला घेऊन दाट झाडीत एखाद-दोन दिवस दडून बसलेला असतो. मादी माजावर असते जेमतेम एक दिवस. तिचं झालं की तो पुन्हा बाहेर, पुन्हा शोध, आणि तेव्हा तो कधीही दिसू शकतो. राहिलेल्या माद्या साधारण 28 दिवसांनी परत माजावर येतात, म्हणून डिसेंबरातही थोडी धामधूम असते. आमचा बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरचा इथला सण) आधीच्या शनिवारी सुरू होतो, तोवर खरा भर ओसरू लागलेला असतो. भर पकडायचा तर धनुष्यबाण.

अजून एक. माज थंडीने येत नाही, दिवस लहान होत जातो त्याने येतो. थंडीची लाट आली की तो उजेडी दिसतो इतकंच, कारण अंगावर हिवाळ्याची जाड लोकर असते आणि उबदार दिवशी तो सगळी धावपळ रात्रीवर ढकलतो.

(धागा काढणारा: हे शेवटचं महत्त्वाचं. आपल्या अक्षांशावर दिवस इतका लहानमोठा होत नाही, त्यामुळे आपल्या हरणांचा माज लांबट पसरतो. ‘या आठवड्यात या’ असं कुणी छातीठोक सांगत असेल तर दुर्लक्ष करा.)

लंडन, मूळ पेडणे

रिचमंड पार्कातली तांबडी हरणं. सप्टेंबर-ऑक्टोबर, पहाटे धुकं असताना. नर गवत शिंगांत अडकवून डरकाळ्या फोडत असतात. 50 मीटर लांब राहा असं तिथे सांगितलेलं असतं तरी लोक मोबाइल घेऊन नाकाशी जातात. उन्हं वर आली की गर्दी वाढते, माणसांची.

काणकोण, गृहिणी

आम्हाला वेळ वगैरे निवडायची सोय नाही, तेच आमच्याकडे येतात. भात कापून झालं की आम्ही शेतात अळसांदे (चवळी) घालतो. सांबर रात्री दहानंतर कधीही, पण जास्त करून पहाटे तीन-चारच्या सुमारास उतरतात. आमचा कुत्रा दोन प्रकारे भुंकतो, डुकरांना वेगळा आणि सांबराला वेगळा. थंडीत एकटा नर येतो त्याचं मात्र निराळंच. खाणं कमी, नासधूस जास्त. बांधावरचं झुडूप शिंगांनी उपटून ते डोक्यावर घेऊन फिरत होता, मी टॉर्चच्या उजेडात पाहिलं. रानातून सांबराचा इशाऱ्याचा मोठा ‘पोंक’ आला तर त्या रात्री आम्ही पडवीतही थांबत नाही. ते माजाचं नव्हे, बिबटा फिरत असतो.

फोंडा, बँकेत नोकरी

चितळांचं गणित वेगळं. आपल्याकडे ती फारशी दिसत नाहीत, मी कर्नाटकात काबिनीच्या जंगलात पाहिली. तिथे भर उन्हाळ्यात, एप्रिल-मेला, नरांचं ओरडणं सुरू होतं. सकाळी आठपर्यंत आणि मग चारनंतर. मधल्या उन्हात सगळा कळप सावलीत रवंथ करत असतो. सांबरापेक्षा सोपं काम, उघड्यावर असतात ना.

वाळपई

माझा या धाग्याला अर्धा विरोध आहे. वेळा लिहिल्या की ज्यांनी वाचायला नको तेही वाचतात. फासे लावणारे आणि रात्री गाडीतून बत्ती मारत फिरणारे अजून आहेत. माजावरचा नर बेसावध असतो, त्यालाच पहिली गोळी लागते.

(धागा काढणारा: मान्य. म्हणूनच ठिकाणं नकोत म्हटलं. एका प्रतिसादातलं व्हाळाचं नाव काढून टाकलंय.)

सांगे, वडील वनखात्यात रखवालदार होते

बाबांचं म्हणणं, वेळ सांबर ठरवत नाही, माणूस ठरवतो. जिथे लाकूडफाट्याला लोक जातात, जीपगाड्या फिरतात, तिथे सांबर माजातही रात्रीच हलतं. खोतीगाव अभयारण्याच्या आतल्या भागात, जिथे आठवडा-आठवडा कुणी फिरकत नाही, तिथे त्यांनी भर दुपारी दोन नर शिंगाला शिंग लावून उभे पाहिलेत. झुंज अशी फार झालीच नाही म्हणे. बराच वेळ एकमेकांभोवती ताठ मानेने चालले, मग धाकट्याने माघार घेतली.

पणजी, कॉलेजात आहे

मला फक्त रविवार मोकळा असतो. डिसेंबरात सूर्य पावणेसातनंतर उगवतो आणि अभयारण्याचं गेट उघडून आत पोचेपर्यंत चांगलं उजाडतं. मग पहाट गेलीच ना? काय करू?

(धागा काढणारा: पहाटेच्या मागे लागू नकोस. दुपारी दोनलाच आत जा, मचाण असेल तर मचाणावर, नाहीतर पाण्याच्या पूर्वेला, वर गुरुजींनी सांगितलंय तसं, आणि गेट बंद व्हायच्या वेळेपर्यंत गप्प बस. डिओ, अत्तर काही नको. एवढं करूनही आपल्या दाट रानात दिसण्यापेक्षा खुणाच जास्त सापडतील: सोललेली साल, तुडवलेली जमीन, लोळून घुसळलेला चिखल. चिखलातलं पाणी अजून गढूळ असेल तर तो नुकताच गेलाय. आणि नर जवळून बघायचाच असेल तर बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयातला बघ, गुरुवार सोडून. गुरुवारी बंद असतं.)