हवेत चित्र काढायचा हट्ट सोडा, काचेकडे परत या

कवडसा:
परवा भाच्याने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, हवेत तरंगणारा मासा, म्हणे मामा होलोग्राम बघ. आपल्याकडे काहीही तरंगताना दिसलं की तो होलोग्राम! २०२२ला इंडिया गेटवर नेताजींचा लावला होता तोसुद्धा पारदर्शक पडद्यावर प्रोजेक्टर मारलेला, मागे जाऊन पाठ बघायची सोय नाही. खरं थ्रीडी म्हणजे प्रत्येक ठिपका त्याच्या जागेवरच उजळला पाहिजे, मग चारी बाजूंनी बिनचष्म्याचं दिसतं.

हवेत हे करायचं तर मुळात गोची अशी की लेझर जाताना दिसतच नाही, कौलातला कवडसा पण धुळीमुळेच दिसतो ना. म्हणून जपानी लोकांनी २००६ला लेझर एका बिंदूवर इतका एकवटला की हवेतच प्लाझ्माची, म्हणजे तापून उजळलेल्या हवेची, ठिणगी पडली. मग २०१८ला अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या डॅनियल स्मॉली आणि मंडळींनी सेल्युलोजचा एक कण लेझरमध्ये पकडून गरागरा फिरवला आणि त्यावर लाल-हिरवा-निळा उजेड टाकला. भारीच, पण चित्र नखाएवढं आणि पंखा लावला की कण गेला उडून.

त्यापेक्षा १९९६ला स्टॅनफर्डच्या एलिझाबेथ डाउनिंग यांनी केलेलं बघा. खास फ्लोराइड काचेचा ठोकळा, त्यात प्रॅसिओडायमियम, एर्बियम, थुलियम असले धातू अगदी थोडे मिसळलेले, आणि डोळ्याला न दिसणारे दोन इन्फ्रारेड लेझर जिथे एकमेकांना छेदतील तिथेच ठिपका उजळणार. एकट्या लेझरने काही होत नाही. ना वाऱ्याची भीती ना ठिणगीची. माझ्या मते पैसा इकडे लागायला हवा होता.

भोसरीकर:
असहमत. ठोकळा केवढा करणार राव? फूटभर लांब-रुंद-उंच घेतला तर साधी खिडकीची काच धरून ७० किलो होतो, आणि ही फ्लोराइड काच त्याहून जड. आत एक बुडबुडा चालणार नाही. टीपॉयवर ठेवून दाखवा.
बाकी ठिपक्या-ठिपक्याने चित्र काढायला लेझर भराभर हलवायचा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. आमच्याकडे पार्टवर नंबर कोरायचं मशीन आहे, आत गॅल्व्होवर (झटकन वळणारी छोटी मोटर) बसवलेले दोन छोटे आरसे, तेच लेझर इकडे तिकडे वळवतात. स्पीड वाढवला की आरसे किणकिणायला लागतात आणि चारचा कोपरा गोल होतो, मग सुपरवायझर बोंबलतो. आरशालाही वजन असतंच की हो. हा कोपरा ज्याने सोडवला तो जिंकला, मग हवा असो नाहीतर काच.

पाढे_पंचावन्न:
भोसरीकर +१. योइची ओचिआई आणि सहकाऱ्यांनी २०१५ला फेम्टोसेकंद लेझरने (अतिशय छोट्या पल्स मारणारा लेझर) हवेत जे केलं त्यात सेकंदाला जास्तीत जास्त २ लाख ठिपके. डोळ्याला सलग वाटायला सेकंदाला १० चित्रं तरी धरा, म्हणजे एका चित्राला २० हजार. भरीव ठोकळ्याचं चित्र काढलंत तर एका बाजूला जेमतेम २७ ठिपके (२७×२७×२७). २७! साध्या मोबाईलच्या एका आडव्या ओळीत ७२० असतात.
आता कुणी म्हणेल भरीव कशाला, नुसतं बाहेरचं कवच रेखाटा. मान्य, मग बरंच भागतं. आणि त्यांचा तो ठिपका बोटाला लागतो म्हणे, सँडपेपरसारखा खरखरीत, आणि पल्स इतक्या छोट्या की बोट भाजत नाही. काचेत बोट कसं घालणार कवडसाभाऊ?

चष्मेवाली:
बोटाचं ठीक आहे हो, डोळ्याचं काय? मिरवणुकीतल्या लेझरपायी पुणे पोलिसांना २०२४ला बंदी घालावी लागली, आणि तुम्ही दिवाणखान्यात ठिणग्या पाडताय.
पण माझा खरा आक्षेप वेगळाच. मला या दोन्हीपैकी कशातही काळी मांजर काढून दाखवा. नाही जमणार, कारण ठिपका उजेड देतो, मागचा उजेड अडवत नाही. त्यामुळे माणसाचा चेहरा काढलात की नाकातून मागचा कान दिसणार, सगळी भुतंच. सीटी स्कॅनमधल्या रक्तवाहिन्या बघायला हे आरपार दिसणं फायद्याचंच, तिथे जरूर वापरा, पण सिरियल बघायला कोण घेणार हे?

कवडसा:
ताई, मांजरीचा मुद्दा बिनतोड, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ७० किलो पण मान्य, पण स्कॅन बघायला फूटभर कशाला, नारळाएवढा ठोकळा पुरे की, तो तीनचार किलोत बसतो आणि टेबलावरून हलवायचा नाहीये. डोळ्याचं म्हणाल तर काचेच्या पेटीला झाकण, फिल्टर सगळं लावता येतं, मोकळ्या हवेला कुठे लावणार?
अवांतर: हे सगळं भाच्याला समजावलं. तो म्हणतो मला त्या माशाच्या पोटात हात घालायचाय, ठोकळा तुझ्याकडेच ठेव.